कुदळ मारण्यापूर्वीं : शेतांतील गाडलेल्या वाहिन्यांची चौकशी

खळीं आटोपलीं कीं आमच्याकडे जमिनीच्या कामांस आरंभ होतो. विहीर, शेततळें, ताल-बांध, सपाटीकरण, फळबागेचे खड्डे, कुंपणाचे खांब, हीं सर्व कामें फाल्गुनापासून मृगापर्यंतच्या तीन महिन्यांत उरकावीं लागतात. पूर्वीं तीं कुदळ, टिकाव व पहार घेऊन माणसें करीत, व मातींत एखादी वस्तु आड आली तर ती हातास कळे. आतां तेंच काम यंत्र करतें. लोक ज्यास सरसकट जेसीबी म्हणतात त्या यंत्रास हाताची जाणीव नसते; शिवाय तें तासाच्या भाड्यानें आणलेलें असल्यामुळें मालकास व चालकास दोघांसही घाई असते. आणि ज्या जमिनींत तें चालवावयाचें ती जमीनही आतां पूर्वींसारखी रिकामी राहिलेली नाहीं.

या लेखांत आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. ज्याची वाहिनी त्यानें जागेवर येऊन तिची खूण करून दिल्याशिवाय यंत्र जमिनीस लावूं नये. आणि वाहिनी आपली स्वतःची असेल तर ती खूण दाखविण्याची तयारी आपण ठेवावी. यांतील दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, व त्याकडेच आमचें फार दुर्लक्ष होतें.

जमिनीखालीं काय असतें

सर्वांत मोठ्या वाहिन्या तेल व वायु यांच्या. मुंबईहून मनमाडमार्गें उत्तरेकडे, तसेंच मुंबईहून पुण्यावरून सोलापूरकडे तेलाचे नळ गेलेले आहेत. दहेज–उरण–पनवेल–दाभोळ व दाभोळ–बंगळूर या वायुवाहिन्या कोंकणांतून व घाटमाथ्यावरून जातात. हे नळ पोलादी असून वायूच्या मोठ्या नळांतील दाब वातावरणाच्या दाबाच्या पन्नास-साठ पट व त्याहूनही अधिक असूं शकतो. त्यांवरील मातींत ज्वारी, भुईमूग, भात इत्यादि पिकें नेहमींप्रमाणें उभीं असतात. यामुळें नवख्या चालकास खालीं कांहीं आहे याचा संशयही येत नाहीं.

दुसऱ्या वाहिन्या विजेच्या. खेड्यांत वीज बहुधा खांबांवरून येते. परंतु उपकेंद्राच्या आसपास, सौर प्रकल्पांच्या भोंवतीं व शहरालगतच्या शेतांत ती केबलीनें जमिनीखालून नेलेली असते. तिसरी वाहिनी ऑप्टिकल फायबरची. ग्रामपंचायतींस जोडण्यासाठीं भारतनेट योजनेखालीं अशा केबली रस्त्याच्या कडेनें गाडलेल्या आहेत, व नेमक्या त्याच कडेस आम्ही कुंपण घालतों, फाटक बसवितों वा चर काढतों. चौथी वाहिनी नळयोजनेची. २०१९ सालीं जल जीवन मिशन सुरू झाल्यापासून कित्येक गांवांच्या रस्त्यांखालीं व शिवारांत नवे नळ पडले आहेत.

पांचवा व आमच्या दृष्टीनें सर्वांत दाट प्रकार शेतकऱ्यांच्या स्वतःच्या वाहिन्यांचा. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत उपसा योजनांचे नळ नदीपासून कित्येक शेतें ओलांडून उसाच्या मळ्यांत गेलेले आहेत. कोणी आपल्या विहिरीचें पाणी शेजाऱ्याच्या रानांतून दुसऱ्या गटांत नेलेलें असतें, कोणी पंपाची केबल बांधाखालून घेतलेली असते, कोणी ठिबकाची मुख्य नळी मध्येंच वळविलेली असते. या वाहिन्यांचा नकाशा कोणत्याही कचेरींत असतोच असें नाहीं. पुष्कळदां तो ज्यानें नळ टाकला त्याच्या डोक्यांत असतो, व तो मनुष्य गेला म्हणजे नकाशाही जातो.

खोलीवर विसंबूं नये

“लाइन खोल आहे, आपलें काम वरच्यावर आहे,” हें वाक्य प्रत्येक खोदकामाच्या वेळीं ऐकूं येतें. यास्तव खोलीचे आंकडे नीट पाहूं. विजेच्या केबलींविषयींच्या भारतीय मानकांत कमी दाबाच्या केबलीस पाऊण मीटर, ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उच्च दाबाच्या केबलीस ९० सेंटिमीटर व २२ किंवा ३३ हजार व्होल्टच्या केबलीस १ मीटर ५ सेंटिमीटर एवढी खोली सांगितली आहे. ऑप्टिकल फायबरच्या केबलीस साध्या जमिनींत सुमारें १ मीटर ६५ सेंटिमीटर खोलीचा चर घेण्याची रीति आहे. खडक लागला कीं ती खोली कमी होते. तेल व वायूच्या नळांवर साधारणपणें एक मीटर वा त्याहून थोडी अधिक माती असते. शेजाऱ्याच्या शेतांतून पाण्याचा नळ नेण्याविषयीं महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४९ व्या कलमांत जी अट आहे, तींत नळ जमिनीच्या पृष्ठभागापासून किमान अर्धा मीटर खालीं असावा, एवढेंच म्हटलें आहे.

आतां आमच्या कामांची खोली पाहावी. आंब्याचा वा नारळाचा खड्डा एक मीटर खोल असतो. डाळिंबाचा खड्डा दोन फुटांचा असला तरी अर्ध्या मीटरवरील नळास तो गांठतो. जमिनीचा खालचा घट्ट थर फोडणारा ट्रॅक्टरचा नांगर ४५ ते ६० सेंटिमीटरपर्यंत जातो. शेततळें तीन मीटर जातें. बोअरच्या यंत्राविषयीं तर बोलावयासच नको. नळाची भिंत आड आल्याचें चालकास कळेपर्यंत ती भिंत फुटलेली असते. म्हणजे साध्या कुंपणाच्या खांबाखेरीज आमचें क्वचितच एखादें काम वाहिन्यांच्या वर राहतें.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, कीं वरील आंकडे वाहिनी टाकल्या दिवसाचे आहेत, आजचे नव्हेत. उताराच्या शेतांत दर पावसाळ्यांत माती वाहून जाते. सपाटीकरण करितांना उंचवट्यावरील माती खरडून खोलगट जागीं टाकली जाते. त्यामुळें एकाच नळावर एका टोकास दीड मीटर व दुसऱ्या टोकास वीतभर माती अशी स्थिति होते. ओढ्याकांठीं पूर येऊन गेला म्हणजे नळ उघडाही पडतो. यास्तव दहा वर्षांपूर्वीं नळ टाकतांना हजर असलेल्या मनुष्याचीही खोलीविषयींची साक्ष आज जशीच्या तशी धरूं नये.

यंत्रानें शोध लागतो काय

वाहिनी शोधण्याचीं यंत्रें आहेत, व तीं उपयोगी आहेत. परंतु त्यांच्या मर्यादा शेतकऱ्यास ठाऊक असाव्या. धातूच्या तारेंतून वा नळांतून विद्युत्प्रवाह जात असला म्हणजे त्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. तें टिपून यंत्र वाहिनीची जागा दाखवितें. प्लास्टिकच्या नळांतून प्रवाह जात नाहीं, म्हणून असा नळ या यंत्रास दिसत नाहीं. आमच्या शेतांतील बहुतेक नळ प्लास्टिकचेच आहेत. जमिनींत लहरी सोडून शोध घेणारें रडार प्लास्टिकही दाखवूं शकतें. पण चिकण मातींत, विशेषतः ती ओली असतां, त्या लहरी थोड्याच खोलीवर शोषल्या जातात. आमच्या काळ्या जमिनींत म्हणूनच त्याचा भरंवसा धरतां येत नाहीं. अशा ठिकाणीं वाहिनीच्या मालकाजवळचा नकाशा व हातानें घेतलेला चाचणी खड्डा हीं दोनच साधनें उरतात.

न दिसणारी इजा

वाहिनी फुटली तर अपघात होतो हें सर्वांस समजतें. वाहिनी न फुटतां नुसती खरचटली तर काय होतें, हें बेल्जममधील गिस्लेंगियेन येथील दुर्घटनेवरून कळतें. ३० जुलै २००४ रोजीं तेथें वायूचा एक मोठा नळ फुटून स्फोट झाला व २४ माणसें मेलीं. शंभराहून अधिक जखमी झालीं. वायु गळत असल्याची वर्दी मिळून मदतीस धांवलेले अग्निशामक दलाचे लोकही मृतांत होते. चौकशींत असें दिसून आलें, कीं त्या जागीं पूर्वीं चाललेल्या बांधकामांत यंत्राचा घाव नळास बसला होता. त्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. पुढें नळांतील दाब वाढविण्यांत आला तेव्हां दुखावलेली भिंत फाटली.

पोलादी नळावर गंज न चढावा म्हणून लेप दिलेला असतो. यंत्राचा दांत लागून तो लेप निघाला कीं तेथून ओल शिरते, व भिंत आंतल्या आंत क्षीण होत जाते. यामुळें “नुसतें खरचटलें, गळत तर नाहीं,” असें म्हणून माती लोटून टाकणें हा सर्वांत घातक प्रकार होय. फुटलेला नळ आपली वर्दी आपणच देतो. खरचटलेला नळ गप्प राहतो, व त्याचें फळ पुढें त्या शेतांत राबणाऱ्या भलत्याच माणसास भोगावें लागतें.

कायदा व हक्क

तेल व वायूचे नळ शेतांतून नेण्याचा अधिकार १९६२ च्या पेट्रोलियम व खनिज वाहिनी कायद्यानें मिळतो. या कायद्याखालीं जमिनीची मालकी शेतकऱ्याकडेच राहते. सरकार घेतें तो केवळ वापराचा हक्क. अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांच्या आंत हरकत नोंदवितां येते. पिकाच्या व इतर नुकसानीची भरपाई मिळते, आणि त्याशिवाय वापराच्या हक्काबद्दल अधिसूचनेच्या तारखेच्या बाजारभावाच्या दहा टक्के रक्कम मिळते. उलटपक्षीं त्या पट्टींत इमारत वा दुसरें बांधकाम करण्यास, तळें, विहीर, जलाशय वा बंधारा करण्यास, आणि झाड लावण्यास ९ व्या कलमानें मनाई आहे. पूर्वींप्रमाणें पीक घेण्यास हरकत नाहीं.

“शेत आमचें, नळ दुसऱ्याचा, मग थांबावयाचें आम्हींच कां ?” असें पुष्कळ बंधु विचारतात, व त्यांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. दहा टक्के रकमेंत फळबागेचा कायमचा हक्क सोडावा लागतो ही तक्रार खरी आहे, व ती योग्य ठिकाणीं मांडलीच पाहिजे. परंतु ती मांडण्याची जागा खड्डा नव्हे. नळ फुटला तर त्याच्या जवळ उभें असतें तें आमचेंच मनुष्य, आमचेंच जनावर.

इतर वाहिन्यांसंबंधानें केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्यानें २२ मार्च २०२३ रोजीं ‘कॉल बिफोर यू डिग’ या नांवाची सोय सुरू केली. बेबंद खोदाईमुळें देशाचें दर वर्षीं सुमारें तीन हजार कोटी रुपयांचें नुकसान होतें, असें त्या वेळीं सरकारी पत्रकांत म्हटलें होतें. मोबाइलवरील या सोयींत खोदावयाची जागा नकाशावर दाखविली म्हणजे तेथें ज्यांच्या वाहिन्या नोंदल्या आहेत त्यांस वर्दी जाते. अमेरिकेंत अशाच कामासाठीं २००७ पासून ८११ हा एकच दूरध्वनि क्रमांक देशभर चालतो. तेथें मालक येऊन जमिनीवर रंगाच्या खुणा करतात : विजेस तांबडा, वायु व तेलास पिवळा, दूरध्वनीस नारिंगी, पिण्याच्या पाण्यास निळा, सांडपाण्यास हिरवा, शेतीच्या पाण्यास जांभळा, आणि खोदणारानें आपली जागा पांढऱ्यानें दाखवावयाची.

आमच्याकडील सोयीचा लाभ अवश्य घ्यावा. मात्र जी वाहिनी नोंदलेलीच नाहीं ती नकाशावर येत नाहीं, हें विसरूं नये. “उत्तर आलें नाहीं, म्हणजे खालीं कांहीं नाहीं,” असा अर्थ कदापि करूं नये.

चौकशीची रीति

१. यंत्राचें भाडें ठरविण्यापूर्वीं चौकशीस लागावें. यंत्र बांधावर येऊन उभें राहिल्यावर कोणाचाही धीर टिकत नाहीं.

२. खोदावयाच्या जागेची हद्द पांढऱ्या फक्कीनें आंखावी. “त्या कोपऱ्यांत कोठें तरी” असें सांगितल्यास खूण करणाराही “कोठें तरी” खूण करतो.

३. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना व जुने फेरफार पाहावे. नोंद असेल तर काम सोपें झालें. नसेल तर शेत मोकळें आहे असें मात्र समजूं नये.

४. शेत व आजूबाजूचे बांध पायीं फिरून पाहावे. पिवळे खांब, मार्गदर्शक दगड, झांकणें, व्हॉल्वच्या कुंड्या, खांबावरून जमिनींत उतरलेली केबल, पिकांतून गेलेला सरळ खचका पट्टा, हीं सर्व चिन्हें होत. पिवळ्या खांबावर वाहिनीच्या मालकाचा दूरध्वनि क्रमांक असतो. तेल-वायूच्या वाहिनीवरून चालत पाहणी करणारा मनुष्य ठेवलेला असतो. त्याची गांठ घ्यावी.

५. शेजाऱ्यांस, ग्रामपंचायतीस, नळयोजनेच्या पाणी सोडणारास, वीज कंपनीच्या वायरमनास व उपसा योजनेच्या चालकांस विचारावें. जुन्या माणसांस अवश्य विचारावें; त्यांचें सांगणें शोधास उपयोगी पडतें, पण तें खुणेच्या जागीं धरूं नये.

६. मालकाच्या मनुष्याकडून जागेवर खुणा करून घ्याव्या व त्यांचीं छायाचित्रें ठेवावीं. काम लांबलें, पाऊस पडला किंवा फक्की पुसली, तर आठवणीवर पुढें न जातां पुन्हा खूण करून घ्यावी.

७. खुणेच्या जवळ यंत्र नेऊं नये. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांत खुणेच्या दोन्ही बाजूंस १८ ते २४ इंच जागा हातानें खोदण्यासाठीं सोडतात. हा मोठ्या नळाचा दंडक नव्हे, तेथें मालक सांगेल तेवढें अंतर राखावें, व त्याचा मनुष्य हजर असल्याशिवाय काम करूं नये. आपल्या पाण्याच्या नळासाठीं चाचणी खड्डा घेतांना तो वाहिनीला आडवा घ्यावा, फावड्यानें थर थर माती काढावी, पहार उभी मारूं नये.

८. मातींत अनपेक्षित वाळू, ओळीनें मांडलेल्या विटा, फरश्या किंवा रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली तर तेथेंच थांबावें. केबलीवर वाळू व विटा घालण्याची रीतच आहे. ती माती यापूर्वीं कोणीतरी हेतुपूर्वक उकरलेली आहे.

९. वरील सर्व खुणा यंत्राच्या चालकास स्वतः हिंडून दाखवाव्या. मालक घरीं व चालक एकटा शेतांत, असें काम चालवूं नये.

आपल्या वाहिन्या

आतां लेखाचा दुसरा भाग. आमच्या शेतांतून ज्याप्रमाणें दुसऱ्याचा नळ जातो त्याप्रमाणें आमचाही दुसऱ्याच्या शेतांतून जातो. उन्हाळ्याच्या भरांत तो फुटला म्हणजे खालच्या मळ्यांतील उसाचें पाणी आठ-आठ दिवस तुटतें, आणि भाऊबंदकींतील पुष्कळ तंटे अशाच एका फुटक्या नळापासून सुरू होतात. फोडणारा म्हणतो, “मला काय ठाऊक ?” आणि तें खरेंही असतें. त्यास ठाऊक करून देणें हें नळाच्या मालकाचें काम होतें.

यावर उपाय स्वस्त आहे. नळ टाकल्यावर चर बुजविण्यापूर्वीं प्रत्येक वळण, सांधा व व्हॉल्व यांचें अंतर दोन कायम खुणांपासून फितीनें मोजावें. विहिरीचा कठडा, घराचा कोपरा, हद्दीचा दगड या खुणा चांगल्या; झाड किंवा विजेचा खांब नको, कारण तो उद्यां हलतो. दोन अंतरें असलीं म्हणजे जागा पुन्हा सांपडते. तिसरें घेतल्यास मोजणींतील चूक उघडी पडते. मोबाइलनें दाखविलेली जागा कांहीं मीटरांनीं मागेंपुढें असूं शकते, म्हणून तीवर भागवूं नये. जागोजागीं खोली लिहावी. चर उघडा असतांना फीत धरून छायाचित्र घ्यावें. नळाबरोबर एक तांब्याची तार टाकावी, म्हणजे प्लास्टिकचा नळ पुढें शोधयंत्रास दिसेल. नळाच्या वर फूटभर माती झाल्यावर रंगीत पट्टी अंथरावी, म्हणजे खोदणारास नळाआधीं पट्टी लागेल. नकाशाची एक प्रत सातबाऱ्याच्या कागदांत व एक ज्याच्या शेतांतून नळ गेला त्याच्या घरीं असावी. सपाटीकरण झालें कीं खोली पुन्हा मोजून नकाशावर तारखेसह लिहावी.

जुन्या नळांचें काय ? ते टाकणारीं माणसें हयात आहेत तोंपर्यंत एक दिवस त्यांस बरोबर घेऊन शेत फिरावें व चाचणी खड्डे घेऊन नकाशा करावा. हें काम पुढच्या वर्षावर टाकूं नये.

धक्का लागल्यास

वायूचा वास आला किंवा सूं सूं असा आवाज आला तर बिडी, काडी, मोबाइल, पंपाचें बटण, कशासही हात लावूं नये. सर्वांनीं यंत्र सोडून वारा येत असेल त्या दिशेस दूर जावें. तेथून पिवळ्या खांबावरील क्रमांकास व ११२ या क्रमांकास कळवावें. गळती बुजविण्याचा यत्न करूं नये व तीवर माती लोटूं नये. विजेची केबल तुटली तर चालकानें यंत्रांतच बसून राहावें व इतरांनीं जवळ जाऊं नये. आग लागून उतरणें भागच पडलें, तर यंत्रास व जमिनीस एकाच वेळीं स्पर्श न करितां दोन्ही पाय जुळवून उडी मारावी व पाय जुळवूनच लहान उड्या घेत दूर जावें. कारण प्रवाह जमिनींतून पसरतो व पावलें फांकलीं तर तो देहांतून जातो. ऑप्टिकल फायबर तुटल्यास तिच्या टोकांत डोकावूं नये. आणि कोणतीही वाहिनी नुसती खरचटली असली तरी मालकास कळविल्याशिवाय खड्डा बुजवूं नये.

चौकशीस लागणारे दोन-चार दिवस शेतकऱ्यास जड वाटतात हें आम्ही जाणतों, कारण मृग कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु हे दिवस माघांतच काढून ठेवतां येतात, व एकदां केलेला नकाशा पुढच्या पिढीसही पुरतो. आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकानें या हंगामांत निदान आपल्या एका नळाचा नकाशा करून शेजाऱ्याच्या हातीं द्यावा व त्याचा आपण मागून घ्यावा, एवढीच आमची विनंति आहे.